माध्यमिक शाळेतील बेशिस्त: इंदूरच्या संदर्भात कारणमीमांसा

माध्यमिक शाळेतील बेशिस्त बहुतेक वेळा लहानसहान गोष्टींत दिसते. प्रार्थनेला उशिरा येणे, तास चालू असताना मागच्या बाकावर मोबाइल पाहणे, मधल्या सुट्टीनंतर वर्गात न परतणे, दुसऱ्याची वही उतरवून गृहपाठ दाखवणे, शिक्षकांना उलट बोलणे, नळ मोडणे, बाकावर नावे कोरणे, परीक्षेत कॉपी करणे. यांतली एकेक गोष्ट किरकोळ असते. मात्र रोजचा तासाभराचा वेळ अशाच गोष्टी निस्तरण्यात गेला, तर वर्ग शिकवण्याजोगा राहत नाही आणि सर्वांत मोठे नुकसान होते ते गप्प बसून शिकू पाहणाऱ्या मुलांचे. वृत्तपत्रांतून गाजते ती बेशिस्त निराळी असते. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यात धमोरा येथील शासकीय शाळेत बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांची गोळी झाडून हत्या केली. ती घटना गुन्हा म्हणूनच पाहावी लागते. तिच्यावरून शाळेत जाणाऱ्या लाखो मुलांविषयी मत बनवले, तर भीती वाढेल. कारणे मात्र सापडणार नाहीत. या विवेचनाचा विषय रोजची, साधी, चिवट बेशिस्त हा आहे.

मध्य प्रदेशात सहावी ते आठवीच्या शाळेला माध्यमिक शाळा म्हणण्याची पद्धत आहे. येथे मात्र नववी ते बारावीचे वर्ग, म्हणजे इंदुरात ज्यांना हाईस्कूल आणि हायर सेकंडरी म्हणतात ते, गृहीत धरले आहेत. आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करायला हवी. वर्गातला प्रत्येक आवाज हा बेशिस्तीचा आवाज नसतो. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. पुढे एकलव्य संस्थेने हे काम सांभाळले आणि २००२ पर्यंत ते चालले. या वर्गांत मुले चार-चारांच्या टोळ्यांत बसून प्रयोग करत, भांडत, एकमेकांची उत्तरे खोडून काढत. बाहेरून ऐकणाऱ्याला तो गोंधळ वाटला असता, पण त्या गोंधळात काम चाललेले असे. याउलट हाताची घडी घालून बसलेल्या शांत वर्गात एकाही मुलाला काहीच कळत नसेल, हेही शक्य असते. शांतता हे शिस्तीचे माप धरले की पहिले निदानच चुकते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत विद्यार्थ्यांच्या बेशिस्तीवर देशात मोठी चर्चा झाली. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर १९५२ मध्ये नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली अहवाल दिला, त्यात चारित्र्य आणि शिस्त यांचा स्वतंत्र विचार आहे. त्याच सुमारास शिक्षण मंत्रालयाचे सचिव हुमायून कबीर यांनी या प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली आणि चार कारणे सांगितली: शिक्षकांचे नेतृत्व ओसरणे, वाढत्या आर्थिक अडचणी, शिक्षणपद्धतीतले दोष आणि समाजातला ध्येयवाद मावळणे. त्या काळच्या बेशिस्तीचे रूप सामुदायिक होते. संप, मोर्चे, बहिष्कार, परीक्षा उधळणे अशा घटना घडत. १९२०च्या असहकारात मुलांना शाळा सोडण्याची हाक खुद्द राष्ट्राच्या नेत्यांनी दिली होती आणि ती देशभक्ती मानली गेली होती. स्वातंत्र्य मिळताच तेच वागणे बेशिस्त ठरले. हा बदल मुलांना कोणी नीट समजावून सांगितला नाही.

आजची बेशिस्त त्या मानाने एकाकी आहे. तिला मागणी नसते, घोषणा नसते, नेता नसतो. आजच्या मुलाला शाळेशी भांडायचे नसते, त्याला शाळेची गरजच वाटेनाशी झालेली असते. त्यामुळे जुन्या चर्चेतले राजकीय स्पष्टीकरण आता फारसे उपयोगी पडत नाही. कबीरांची पहिली आणि तिसरी कारणे मात्र आजही तशीच्या तशी लागू आहेत.

वयाचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण तो सर्वत्र सारखाच आहे. आवेग आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. बक्षिसाची, धाडसाची आणि सवंगड्यांच्या कौतुकाची ओढ मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोर धरते. एकटा असताना शहाण्यासारखा वागणारा मुलगा चार मित्रांत वेगळा वागतो, ते यामुळे. याच वयात झोपेचे घड्याळही पुढे सरकते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते आणि झोप येते ती उशिरा. इंदूरच्या अनेक खासगी शाळा बायपासच्या पलीकडे गेल्या आहेत आणि त्यांच्या बस पहाटेच उपनगरांतून फिरू लागतात. रात्री बारापर्यंत मोबाइल हाती असलेल्या मुलाला सकाळी साडेपाचला उठवले, तर दुसऱ्या तासाला तो पेंगतो किंवा चिडचिड करतो. वर्गशिक्षक याला उद्धटपणा म्हणतात. पुष्कळदा ती निव्वळ अपुरी झोप असते.

वयापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवे ते आठवी आणि नववी यांच्यामधल्या सांध्याकडे. शिक्षण हक्क कायदा २००९ हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. त्याच्या सोळाव्या कलमाने मुलाला त्याच इयत्तेत मागे ठेवण्यावर बंदी घातली. हेतू चांगला होता: नापास होऊन शाळा सोडणाऱ्या गरीब मुलांना आत ठेवणे. पण सतत मूल्यमापन करून मागे पडलेल्या मुलाला हात द्यायचा, हा कायद्याचा दुसरा भाग बहुतेक शाळांत कागदावरच राहिला. वाचता न येणारा मुलगा वर्षागणिक वरच्या वर्गात जात राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि मध्य प्रदेशात २०२२-२३ पासून या दोन इयत्तांच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होऊ लागल्या. तरी खरा उंबरठा नववीचाच राहिला. तिथे पुस्तके एकदम जाड होतात, विज्ञानात सूत्रे येतात, गणितात सिद्धता येते आणि दहावीच्या बोर्डाचा धाक सुरू होतो.

या सांध्यावर काय घडते ते एका तासात पाहता येते. नववीचा वर्ग, विज्ञानाचा तास, विषय पेशींची रचना. शिक्षक क्रमाने एकेकाला उभे करून पाठ वाचायला सांगतात. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत. आपली पाळी चार मुलांनंतर आहे हे त्याने मोजले आहे. तिसरा मुलगा वाचत असताना तो पुढच्याच्या सदऱ्यात पेन खुपसतो, तो ओरडतो, वर्ग हसतो, शिक्षक रागावतात आणि याला दाराबाहेर उभे करतात. मुलाचे काम झाले. चाळीस जणांसमोर अडखळत वाचण्यापेक्षा बाहेर उभे राहणे त्याला सोपे गेले, शिवाय मधल्या सुट्टीत त्याचा भाव वाढला तो वेगळाच. शिक्षकांच्या डायरीत मात्र नोंद होते ती खोडीची. अशा प्रसंगी शिक्षा दिल्याने बेशिस्त वाढते, कारण मुलाला हवी असलेली सुटका शिक्षेनेच मिळते. राज्यातील शासकीय शाळांत नववीसाठी मागची उणीव भरून काढणाऱ्या ब्रिज कोर्सची योजना आहे आणि तिचा रोख अगदी योग्य आहे. ती मनापासून राबवली गेली तर शिस्तीच्या निम्म्या तक्रारी आपोआप कमी होतील, असे म्हणायला पुरेसा आधार रोजच्या वर्गांतच दिसतो.

दुसऱ्या टोकाला हुशार मुलांची बेशिस्त आहे. तिचे केंद्र इंदुरात भंवरकुआं, गीता भवन आणि पलासिया या भागांत आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी माळवा-निमाडच्या गावागावांतून मुले इथे येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि शहरातली मुलेही त्यांच्या सोबतीने कोचिंगला जातात. शाळेत नाव घालायचे, हजेरी सांभाळून घ्यायची आणि दिवस कोचिंगमध्ये काढायचा, या सोयीला ‘डमी प्रवेश’ असे उघड नाव पडले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ७५ टक्के हजेरीचा नियम ठेवला आहे, २०२४ मध्ये अशा काही शाळांची मान्यताही काढून घेतली. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि शाळेच्या वेळात वर्ग चालवू नयेत, असे म्हटले आहे.

यातले खरे नुकसान हजेरीपेक्षा खोल आहे. नववीतल्या मुलाला आई-वडील स्वतःच सांगतात की शाळेचे काय, तिथे नुसते बसायचे असते, अभ्यास कोचिंगला होतो. मग तो शाळेत नुसता बसतो. खरे शिक्षक कोचिंगमधले सर आणि शाळेतले सर हजेरीपुरते, अशी उतरंड त्याच्या मनात घट्ट होते. ज्या शिक्षकांकडून काही मिळवायचे नाही, त्यांचे ऐकायचे कशासाठी, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला पडणे स्वाभाविक आहे. शिवाय खोटी हजेरी मोठ्यांच्या संमतीने लावली जाते, हे मुलगा डोळ्यांनी पाहतो. त्यानंतर त्याला कॉपी करू नको म्हणून सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

शिक्षकांविषयी बोलताना न्यायाने बोलायला हवे. मध्य प्रदेशच्या शासकीय शाळांत वर्षानुवर्षे मोठा भार अतिथी शिक्षकांवर आहे. त्यांची नेमणूक सत्रापुरती असते. सत्र संपले की निघून जाणाऱ्या शिक्षकाला मुलांची नावे कळेपर्यंत दिवाळी येते आणि तो कायमचा नाही, हे मुलांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलेले असते. कायम शिक्षकांना निवडणूक आणि जनगणनेच्या कामावर जावे लागते. ही कामे कायद्यानेच मान्य केलेली आहेत, पण तेवढे दिवस वर्ग मोकळा राहतो. मुदलियार आयोगाने एका वर्गात तीस मुले असावीत, फार तर चाळीस, असे सांगितले होते. सत्तर वर्षांनंतरही साठ मुलांचे वर्ग सहज सापडतात. साठ मुलांत शिक्षक प्रत्येकाकडे पाहू शकत नाही आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो मुलगा लक्ष वेधण्याचा आपला मार्ग शोधतो. शाळेतल्या तक्रारींचा मोठा वाटा शिक्षक नसलेल्या मोकळ्या तासांचा असतो, ही गोष्ट कुठल्याही पर्यवेक्षकाला विचारली तर तो लगेच मान्य करील.

छडी गेली हे योग्यच झाले. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आणली. चौदा वर्षांवरील मुलांनाही अठराव्या वर्षापर्यंत बाल न्याय कायद्याचे संरक्षण आहे. मार खाल्लेला मुलगा शिस्त शिकत नाही, मार चुकवायला शिकतो. पण छडीच्या जागी काय आणायचे, याचे प्रशिक्षण शिक्षकांना फारसे मिळाले नाही. समुपदेशक बहुतेक शासकीय शाळांत नाही आणि खासगी शाळेत असला तर अनेकदा तो प्रवेशाच्या माहितीपत्रकापुरता असतो. मग शिक्षकांच्या हाती ओरडणे, टोमणा मारणे, पालकांना बोलावणे आणि टीसीची धमकी देणे एवढेच उरते. पैकी टोमणा सर्वांत घातक. कलमाच्या भाषेत तो छळच आहे, शिवाय किशोरवयात अपमान विसरला जात नाही.

नियमांची असमान अंमलबजावणी हेही मोठे कारण आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. फाटकावर केस वाढवले म्हणून एका मुलाला थांबवायचे आणि संचालकांच्या ओळखीतल्या मुलाला तसेच सोडायचे, हे मुले रोज टिपत असतात. या वयात न्याय-अन्यायाची जाणीव अतिशय तीव्र असते. एकसारखा लागू होणारा कडक नियम मुले कुरकुरत का होईना पाळतात, माणूस पाहून लागणारा सौम्य नियमही ती मोडतात. इंदूरकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत सलग देशात पहिले येत राहिले. रस्त्यावर कचरा टाकण्याची जुनी सवय भाषणांनी गेली नाही. घंटागाडी रोज ठरल्या वेळी प्रत्येक दारात आली आणि दंड सर्वांना सारखा झाला, तेव्हा ती सुटली. तेच नागरिक, तेच शहर, व्यवस्था तेवढी बदलली होती.

घराचा भाग इंदूरच्या मराठी वस्त्यांत स्पष्ट दिसतो. होळकरांच्या काळापासून रामबाग, नारायणबाग, पुढे लोकमान्यनगर, सुदामानगर अशा भागांत मराठी कुटुंबे वसली. वाड्यात आजी-आजोबा असत, शेजारच्या काकू मुलाला चौकात भलत्या वेळी पाहिले तर हटकत आणि ती बातमी मुलाच्या आधी घरी पोहोचे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या देखरेखीत धाक होता, मारही होता आणि मुलींच्या वाट्याला त्यातला मोठा भाग येई. पण देखरेख पाच-सात जणांत वाटलेली होती. आता दोघेही नोकरीला, फ्लॅटमध्ये दुपारी दोन ते सात मुलगा एकटा, मोठी बहीण किंवा भाऊ पुण्याला. पीथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांतल्या पाळ्यांवर काम करणाऱ्या घरांची अडचण याहून कठीण असते. रात्रपाळी करून आलेले वडील आणि सकाळच्या शाळेला निघालेला मुलगा यांची भेट आठवडाभर होत नाही. शाळेने पालकसभा शनिवारी सकाळी ठेवली, की हे पालक येत नाहीत आणि त्यांना ‘बेपर्वा’ हे लेबल लागते.

सुशिक्षित घरांतून निराळी अडचण येते. मुलाविषयीची तक्रार ऐकून घेण्याआधीच ‘आमच्या मुलाला असे बोललात कसे’ म्हणून शाळेत पोहोचणारे पालक वाढले आहेत. मुलाच्या पाठीशी उभे राहणे आणि मुलाच्या चुकीच्या पाठीशी उभे राहणे यांतला फरक इथे सुटतो. दुचाकीचे उदाहरण घ्यावे. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा परवाना मिळतो आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तरीही कोचिंगच्या सोयीसाठी चावी मुलाच्या हाती घरातूनच दिली जाते. कायदा सोयीप्रमाणे वाकवता येतो, हा धडा त्या चावीबरोबरच दिला जातो.

शाळेच्या फाटकाबाहेरचे जग हा शेवटचा मोठा घटक. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्यास बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तरीही शाळेजवळच्या गुमटीवर, म्हणजे टपरीवर, सुटी सिगारेट आणि पुड्या मिळतात आणि तिथेच अकरावी-बारावीची मुले मोहल्ल्यातल्या मोठ्या ‘भियां’च्या, म्हणजे दादांच्या, ओळखीची होतात. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरवर आपला फोटो येणे, रॅलीत मोटारसायकलवर पुढे असणे, निवडणुकीत पत्रके वाटणे, यातून मिळणारी प्रतिष्ठा शाळा देऊ शकत नाही. मुदलियार आयोगाने सतरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना निवडणूक-प्रचारासाठी वापरणे हा निवडणुकीतला गुन्हा ठरवावा, अशी शिफारस केली होती. ती आजही वाचण्यासारखी आहे. मोबाइलने या सगळ्यात एक नवी गोष्ट आणली: प्रेक्षक. वर्गात शिक्षकांची नक्कल पूर्वीही होई, आता तिची चित्रफीत संध्याकाळपर्यंत शंभर जणांकडे पोहोचते आणि मिळालेल्या पसंतीच्या आकड्यामुळे पुढची खोडी अधिक धीट होते.

मुलींची बेशिस्त या सर्व चर्चेत जवळपास अदृश्य राहते. त्या भांडत नाहीत, नळ मोडत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी तक्रार नसते. पण एखादी मुलगी महिन्यातून चार दिवस शाळेत येत नाही, पाठ विचारला तर नुसती खाली पाहते, मैत्रिणींच्या गटातून दुसरीला वाळीत टाकते. यामागे स्वच्छतागृहाची दुरवस्था, घरकामाचा भार, लग्नाची बोलणी किंवा येता-जाता होणारी छेडछाड असू शकते. गैरहजेरीची नोंद होते, कारण विचारले जात नाही.

ही कारणे सुटी-सुटी काम करत नाहीत. वाचता न येणारा मुलगा मोकळ्या तासाला बाहेर पडतो, गुमटीवर त्याला प्रतिष्ठा मिळते, घरी विचारणारे कोणी नसते आणि परत आल्यावर शाळा त्याला पुन्हा वर्गाबाहेर काढते. साखळीची कोणती कडी कोणत्या शाळेत सर्वांत कच्ची आहे, हे बाहेरून सांगता येणार नाही. ते प्रत्येक शाळेने स्वतः पाहायचे आहे. आज शिस्तीच्या नोंदवहीत मुलाचे नाव, अपराध आणि शिक्षा एवढेच लिहिले जाते. त्यात आणखी चार गोष्टी लिहाव्यात: घटना कितव्या तासाला घडली, त्या तासाला शिक्षक हजर होते का, मुलाला त्या विषयाचे पुस्तक वाचता येते का आणि त्या दिवशी तो किती वाजता उठला होता. सहा महिन्यांत प्रत्येक शाळेला आपली कारणे आपल्याच अक्षरात वाचायला मिळतील. नवे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. नववीच्या वर्गशिक्षकांनी ही नोंद त्याच आठवड्यात सुरू करावी.